फुप्फुसाचा एलडीटी किती?

मढच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभं राहा. समोर वर्सोवा, उजव्या हाताला उघडा समुद्र, क्षितिजावर एखाददुसरं जहाज. मुंबईकराचा जहाजाशी संबंध एवढाच. लांबून बघायचं, फोटो काढायचा, फेरी आली की चढायचं.

२०११ च्या जूनमध्ये मात्र जहाजच दारात आलं.

‘एमव्ही विस्डम’. सुमारे ९ हजार टनांचं धूड. कोलंबोहून टगने ओढून नेत होते. ऐन पावसाळ्यात दोर तुटला आणि ते वाहत वाहत वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या जवळ गेलं. सेतूला धडकतं की काय, या धास्तीने सगळ्यांची धावपळ उडाली. सेतू वाचला. जहाज जुहूच्या वाळूत रुतलं.

मग काय, अख्खं शहर लोटलं. पोरं खांद्यावर, हातात भेळ, खिशातून निघालेले मोबाइल. पोलिसांना गर्दी आवरेना. जुलैत भरतीचा मुहूर्त साधून ते ओढून खोल पाण्यात नेलं, तोवर शहराला एक करमणूक होती.

ते निघालं कुठे होतं? बातमीत एका ओळीत लिहिलेलं होतं. गुजरातला, अलंगला. तोडायला.

त्या ओळीवर कोणी थांबलं नाही.

‘विस्डम’ जातं न जातं तोच जुलैच्या अखेरीस ‘एमव्ही पवित’. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून, कोणाच्या नजरेला न पडता, पुन्हा त्याच किनाऱ्याला लागलं. लगेच ४ ऑगस्टला ‘एमव्ही रॅक’ ६० हजार टन कोळसा पोटात घेऊन मुंबईसमोर बुडालं आणि त्याचं तेल किनाऱ्यावर आलं. ऐन हंगामाच्या तोंडावर तेलाचा तवंग म्हणजे कोळ्याच्या घरात चूल थंड. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न उठला. तोही रास्त. तटरक्षक दल काय करत होतं, रडार कुठे होतं, भरपाई कोण देणार, सगळं विचारलं गेलं.

एकच विचारायचं राहिलं. ही म्हातारी जहाजं शेवटी कोणाच्या हातांनी कापली जातात?

या धंद्याचं माप एलडीटी. माल, इंधन, पाणी वगळून रिकाम्या जहाजाचं जे वजन भरतं ते. जुनं जहाज विकलं जातं ते या वजनावर, टनाला इतके डॉलर. भंगारवाला रद्दी जोखतो तसाच हा व्यवहार, फक्त तराजू मोठा. वजनातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पुन्हा कामी येतो. पोलादाच्या प्लेटा रोलिंग मिलमध्ये जातात, त्यांच्या सळया होतात, त्या कोणाच्या तरी स्लॅबमध्ये पडतात. सोफे, कपबशा, गाद्या अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानांत. पितळी दिवे आणि गोल खिडक्या आपल्या चोर बाजारात. खिडकीला आरसा बसवून बंगल्याच्या भिंतीवर टांगला की दिवाणखाना शोभून दिसतो.

आणि जे विकलं जात नाही ते? त्यातलं काही खड्ड्यात जातं. काही छातीत.

छातीत जातं त्याचं नाव अ‍ॅस्बेस्टॉस. जुन्या जहाजात ते बॉयलरभोवती, वाफेच्या पाइपांवर, इंजिनरूमच्या भिंतींत ठासून भरलेलं असतं. आग लागू नये, उष्णता बाहेर पडू नये म्हणून. खलाशांच्या जिवासाठी घातलेली वस्तू. जहाज कापायला घेतलं की ती आधी उपटावी लागते. उपटली की धागे उडतात, केसापेक्षा कित्येक पटींनी बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, ठसका लागत नाही.

काढण्याची रीत ठरलेली आहे. आधी ओलं करायचं, बंदिस्त खोलीत काढायचं, आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, काढणाऱ्याने पूर्ण चेहऱ्याचा फिल्टरवाला मास्क लावायचा, अंगावरचा पोशाख तिथेच उतरवून आंघोळ करून घरी जायचं. आपल्याकडच्या बंदरावर वर्षानुवर्षं काय दिसलं? तोंडाला गमछा.

गमछा घामासाठी असतो. धाग्यासाठी नसतो.

आणि आंघोळ न करता तो माणूस घरी जातो तेव्हा धागे शर्टावर बसून सोबत जातात. शर्ट धुणारी बायको. शर्टाला बिलगणारं पोर. जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय की कारखान्यात एकदाही पाऊल न टाकलेल्या बायकांना नवऱ्याच्या कपड्यांतून हा आजार झाला. त्यांचं नाव कोणत्या हजेरीपटावर शोधायचं?

हा आजार सवड घेतो. दहा वर्षं, वीस, कधी चाळीस. वीस वर्षांचा पोरगा आज धागे ओढतो, पंचेचाळिशीत त्याला जिना चढवत नाही. तोवर तो उत्तर प्रदेशातल्या नाहीतर ओडिशातल्या गावी परतलेला असतो. गावात धाप आणि खोकला म्हटलं की आधी क्षयाची शंका. औषधं सुरू होतात, लागू पडत नाहीत. जहाज कापणारी कंपनी दुसऱ्याच नावाने धंदा करत असते, मुकादम कधीच बदललेला असतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. नोंदलेला आहेच. पण मी त्या जहाजावर होतो, हे त्याने सिद्ध कशाने करायचं?

हा झाला सावकाश येणारा मृत्यू. झटक्यात येणारेही आहेत.

तेलाची टाकी. रिकामी दिसते, पण तळाशी गाळ असतो आणि वर वाफ. गॅस कटरची ज्योत लागली की स्फोट. म्हणून आधी टाकी स्वच्छ करून, हवा मोजून, वायुमुक्त असल्याचा दाखला घ्यायचा आणि मगच ज्योत पेटवायची, असा नियम आहे. दाखला असतो का? बहुतेकदा कागद असतो. पण सकाळी हवा तपासली आणि दुपारी उन्हाने गाळ तापून पुन्हा वाफ धरली, तर सकाळच्या कागदाचा काय उपयोग? २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अलंगला आगीत सहा कामगार गेले. २०१४ च्या जूनमध्ये त्याच किनाऱ्यावर स्फोटात पाच. दोन्ही वेळा जहाजावर कापाकापी चालली होती.

आणि जिथे तेलही नाही, अशी बंद टाकी? तिथे गंज असतो. लोखंड गंजतं म्हणजे हवेतला प्राणवायू खातं. महिनोन् महिने बंद राहिलेल्या टाकीत गंजाने बराचसा प्राणवायू खाऊन टाकलेला असतो. माणूस झाकण उघडून उतरतो आणि दोन-तीन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. मग तिसरा.

मुंबईला हे नवीन नाही. गटाराच्या मॅनहोलमध्ये, सोसायटीच्या टाकीत एकामागून एक उतरलेले जीव आपण दर वर्षी वाचतो. मढ-भाटीच्या कोळ्यांना तर सांगायलाच नको. बोटीच्या खणात मासळी सडली की खाली उतरायचं नाही, आधी फळ्या काढून वारा खेळू द्यायचा, हे घरातली जाणती माणसं बजावतात. तीच अक्कल आहे. पण कोळ्याच्या बोटीवर ती सांगणारा बाप असतो. जहाजतोडणीत काल आलेल्या पोराला कोण सांगणार? मुकादमाला आज चार टन जास्त कापून हवे असतात.

वरून पडणारी प्लेट, विंचचा तुटलेला दोर, अंगावरून जाणारी क्रेन, शिशाच्या रंगावर ज्योत मारली की उठणारा धूर, बुडाच्या रंगातलं शेवाळमार विष, जुन्या केबलीतली घातक रसायनं. एवढं सगळं एकाच कामावर.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २००६ मध्ये आकडे मांडले. खाणकाम हा देशातला सर्वांत जोखमीचा उद्योग मानला जातो. तिथे दर हजार कामगारांमागे वर्षाला ०.३४ जीव जात होते. जहाजतोडणीत २. जवळजवळ सहापट. अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ज्या कामगारांच्या छातीच्या तपासण्या झाल्या, त्यातल्या १६ टक्क्यांमध्ये आजाराची सुरुवातीची चिन्हं दिसली.

शंभरातले सोळा. त्यांचं पुढे काय झालं, हे कुठल्या बातमीत वाचलंत?

कोणी म्हणेल, अलंग गुजरातेत आहे, मढला बसून गळा का काढता? बरं. फेरीने वर्सोव्याला उतरा, अंधेरीला या, सीएसएमटीची हार्बर लोकल पकडा. वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड. उतरा. पूर्वेला चालत जा. दारूखाना.

नाव ऐकून नवखा माणूस गुत्ता शोधतो. ही दारू बंदुकीची. पावडर वर्क्स बंदर. १९८३ मध्ये अलंगला पहिलं जहाज लागण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत जहाजं तुटत आहेत. अलंगला भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून अजस्र जहाजं तिकडे गेली. मुंबईत राहिले टग, बार्ज, गस्तीच्या नौका, लहानसहान जहाजं. दारूखान्याच्या शेजारीच शिवडीची खाडी. तिथले फ्लेमिंगो बघायला आपण दुर्बिणी घेऊन जातो, त्यांची मोजणी होते, किती आले किती घटले याच्या बातम्या येतात. यायलाच हव्यात.

त्याच चिखलात उभं राहून प्लेटा कापणाऱ्या माणसांची मोजणी कोणत्या महिन्यात असते?

मुंबई पोर्ट ट्रस्ट डॉक अँड जनरल एम्प्लॉइज युनियन ही डॉ. शांती पटेलांची संघटना. तिचे कार्यकर्ते दारूखान्यातल्या कंत्राटी मजुरांना संघटित करायला गेले, तेव्हा सुरुवातीच्या मागण्यांत काय होतं माहीत आहे? पिण्याचं पाणी. ओळखपत्र. प्रथमोपचाराची सोय. मास्क आणि एक्स-रे ही तर फार पुढची गोष्ट. देशाच्या आर्थिक राजधानीत, गोदीच्या हद्दीत, दिवसभर आगीपुढे उभ्या असलेल्या माणसाला पाण्यासाठी युनियन लागली.

याच दारूखान्यात २०१४ मध्ये ‘विक्रांत’ आली.

आपली पहिली विमानवाहू नौका. कणा ब्रिटनमध्ये १९४३ ला घातलेला, भारतीय नौदलात दाखल ४ मार्च १९६१, एकाहत्तरच्या युद्धातली कामगिरी सगळ्यांना पाठ. १९९७ ला निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, मग तेही बंद पडलं. लिलाव झाला. तिचं स्मारक व्हावं, भंगार होऊ नये, म्हणून लोक कोर्टात गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो मार्ग संपला आणि नोव्हेंबरमध्ये ज्योत लागली. लोक हळहळले. मीही हळहळलो.

पुढे तिच्या धातूतून नौदल गोदीजवळ स्मारक उभं राहिलं, जानेवारी २०१६. पुढच्याच महिन्यात बजाजची मोटरसायकल आली, तिच्यातही ‘विक्रांत’चा धातू. लोकांनी अभिमानाने विकत घेतली.

धातूची सोय झाली. कापणारे कुठे आहेत?

आता याच वयाचं दुसरं जहाज बघा. फ्रान्सची विमानवाहू नौका ‘क्लेमांसो’. तीही १९६१ लाच नौदलात दाखल झालेली. ३१ डिसेंबर २००५ ला तूलाँ बंदरातून अलंगकडे निघाली. पोटात शेकडो टन अ‍ॅस्बेस्टॉस असल्याचा बोभाटा झाला, फ्रान्समध्ये आणि आपल्याकडे रान उठलं, दोन्ही देशांत प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी नौका अर्ध्या वाटेतून माघारी बोलावली. शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तुटली, तिथल्या नियमांनी.

परक्यांचं विषारी जहाज नको म्हणून आपण ओरडलो, ते योग्यच होतं. स्वतःच्या जहाजाच्या वेळी आपली सगळी चर्चा इतिहासाची झाली. बॉयलरभोवती काय गुंडाळलेलं आहे, हा प्रश्न देशभक्तीच्या गर्दीत मागे पडला. वाफेवर चालणारी, १९४०च्या दशकात बांधायला घेतलेली नौका. तिच्यात काय असणार, हे गोदीतला कोणीही जुना फिटर सांगेल.

कायद्याचं काय? आहे ना. हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार मे २००९ मध्ये झाला. जहाजावर कुठे कोणता घातक पदार्थ आहे याची यादी आधी हवी, तोडणाऱ्या यार्डाकडे आराखडा हवा, कामगाराला प्रशिक्षण आणि साधनं हवीत. चांगला करार. भारताने २०१९ मध्ये तो स्वीकारला, त्याच वर्षी जहाज पुनर्वापर कायदाही केला. करार प्रत्यक्ष अमलात आला २६ जून २०२५ ला. सोळा वर्षांनी. २००९ मध्ये वीस वर्षांचा असलेला कटर तोवर छत्तीस वर्षांचा झाला.

या करारातून ज्यांना सूट आहे त्यांत दोन प्रकार महत्त्वाचे. एक, युद्धनौका. दोन, ५०० ग्रॉस टनांखालची जहाजं. (हा टन वजनाचा नाही, आकारमानाचा.) आपल्या २०१९ च्या कायद्यातही जहाजात घातक पदार्थ वापरण्यावरची बंदी नेमकी या दोघांना लागू नाही. म्हणजे ‘विक्रांत’ची जातकुळी बाहेर, आणि दारूखान्यात येणारे टग नि छोटे बार्जही बाहेर.

मुंबईत तुटतं काय, ते पुन्हा एकदा वर वाचा.

४९९ टनांच्या टगमधला धागा ५०१ टनांच्या टगमधल्या धाग्यापेक्षा कमी टोचतो का? राखाडी रंग आणि तोफ असली की शिसं निरुपद्रवी होतं का? बाकीचे कारखान्यांचे नियम आहेत, ते लहान जहाजांवरच्या कामगारांनाही लागू होतात, हे कबूल. पण कोणत्या पाइपावर काय गुंडाळलंय याची यादीच नसेल, तर निरीक्षक येऊन बघणार काय?

जहाजांची नावं बदलण्याचीही एक तऱ्हा आहे. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडून जगभर बदनाम झालेलं ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ आठवतं? तेलाने माखलेल्या पक्ष्यांचे फोटो साऱ्या जगाने पाहिले. तेच जहाज नावं बदलत बदलत २०१२ मध्ये ‘ओरिएंटल नाइसिटी’ म्हणून अलंगला आलं आणि तुटलं. मालक बदलतो, झेंडा बदलतो, नाव बदलतं. शेवटच्या फेरीपुरता एखाद्या बेटावरच्या देशाचा झेंडा लावला की मूळ मालकाला गाठणं मुश्कील. त्या पक्ष्यांची आठवण जगाला अजून आहे. ते जहाज कापणाऱ्यांपैकी एकाचा तरी चेहरा कोणाच्या डोळ्यांसमोर येतो?

२०२१ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली की देशाची जहाजतोडणीची क्षमता सुमारे ४५ लाख एलडीटी आहे, ती २०२४ पर्यंत दुप्पट करायची. दीड लाख नवे रोजगार. रोजगार हवेत, कोण नाही म्हणतो? पोलाद पुन्हा वापरलं गेलं तर खाणी कमी खोदाव्या लागतील, हेही खरं. हा धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. कामगारही म्हणत नाहीत. त्यांच्या घरी त्याच मजुरीची मनिऑर्डर जाते.

पण दीड लाख माणसं आणणार म्हटल्यावर दीड लाख छात्यांचे फोटो काढायची सोय कुठल्या ओळीत होती? अलंगहून भावनगरचं मोठं इस्पितळ पन्नास किलोमीटरवर. भाजलेल्या माणसाला पन्नास किलोमीटर म्हणजे काय, हे ज्याने एकदा रुग्णवाहिकेत बसून पाहिलंय त्यालाच विचारा.

गेल्या काही वर्षांत अलंगच्या बऱ्याच यार्डांनी सुधारणा केल्या. काँक्रीटची फरशी आली, क्रेन आल्या, हेल्मेट दिसू लागली, कामाआधी प्रशिक्षण सक्तीचं झालं. हे नोंदवलंच पाहिजे. म्हणजे करता येतं. परदेशी मालक प्रमाणपत्र मागतो तेव्हा करता येतं. मग दारूखान्यातल्या टगसाठी का येत नाही? तिथे प्रमाणपत्र मागणारा परदेशी मालक नाही म्हणून?

आता पूर्व किनाऱ्याचा विकास व्हायचा आहे. गोदीच्या जमिनीवर बागा, रस्ते, फिरायला मोकळी हवा. मुंबईला जागा हवीच आहे. पण शंभर वर्षं जिथे रंग खरवडला, तेल सांडलं, धागे उडाले, त्या मातीत आधी काय आहे ते तपासून मग झोपाळे लावा. आणि तिथून हलवलेला कामगार उद्या कुठल्या खाडीच्या कडेला, कुठल्या पत्र्याच्या आडोशाला तेच काम करतोय, तेही शोधा. धंदा हलतो, बंद होत नाही. देखरेख मात्र जागेवर राहते आणि माणूस पुढे जातो.

मागणं फार मोठं नाही. जहाज कितीही टनांचं असो, कापण्याआधी त्यातल्या घातक पदार्थांची यादी. कामावर आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, वय आणि त्याने कोणत्या जहाजावर किती दिवस काम केलं याची नोंद, आणि तिची एक प्रत त्याच्या स्वतःच्या हातात. दर वर्षी छातीची तपासणी, काम सोडल्यानंतरही, गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात, फुकट. आजार तीस वर्षांनी येणार असेल तर नोंदही तीस वर्षं टिकली पाहिजे.

सुरुवात ‘विक्रांत’पासूनच करा. नोव्हेंबर २०१४ पासून तिच्यावर ज्यांनी ज्योत धरली, धागे उपटले, प्लेटा वाहिल्या, ती माणसं आज कुठेतरी पस्तिशी-चाळिशीत आहेत. आजार उंबऱ्यावर यायचं हेच वय. मजुरी रोख वाटली असेल तरी वाटताना नावं लिहिली असतील. मुकादमांच्या वह्या अजून कोणाच्या तरी कपाटात पडून असतील. त्या मागवा, आणि पहिल्या नावाच्या माणसाला एक्स-रेसाठी बोलवा.